पन्नाशीनंतर स्कीइंग: कोर्स करू की खाजगी शिक्षक लावू? (आणि गुडघ्यांचं काय?)

तलावपाळीकर

नमस्कार मंडळी. मी ठाण्याची, चरईत राहते. वय ५१, वजन ६३, चष्मा आहे, आणि जिना उतरताना डावा गुडघा कटकट वाजतो, पण दुखत नाही. ही माहिती आधीच देऊन टाकते, नाहीतर पहिले चार प्रतिसाद "ताई, वय काय, वजन काय" यातच जातात.

गेल्या फेब्रुवारीत मनालीला गेलो होतो. सोलंगला सगळे करतात तेच केलं. भाड्याचा रंगीत सूट चढवला, बूट चढवले आणि एका पोराने पंधरा मिनिटं "स्कीइंग" करवलं. त्यातली बारा मिनिटं फोटोत गेली. उरलेल्या तिनात त्याने हात सोडला, आणि स्टेशनबाहेरच्या रिक्षाच्या रांगेएवढं अंतर मी एकटी घसरले. कोणी धरलेलं नाही, खाली फक्त करकर आवाज. मग अर्थातच बसले. पण ते डोक्यातून जात नाहीये.

आता नीट शिकायचंय. यांचं म्हणणं, "बर्फच हवा तर फ्रीजरमध्ये हात घाल." मुलगा व्हिडिओ पाठवतो, त्यात सगळी माणसं कड्यावरून उड्या मारतात. मला उड्या नकोत. मऊ उतारावरून, न पडता, वळत वळत खाली यायचंय, एवढंच.

मी सहकारी बँकेत आहे, त्यामुळे मार्चमध्ये सुट्टीचं नाव काढायची सोय नाही. जानेवारी अखेर किंवा फेब्रुवारी, तेही जास्तीत जास्त नऊ-दहा दिवस. गुलमर्ग की औली? कोर्स की शिक्षक? सामान विकत घ्यावं का? आणि ठाण्यात राहून तयारी काय करता येईल? आगाऊ धन्यवाद.

घोडबंदरचा_पक्या

गुडघेबदलाचा खर्च बजेटमध्ये धरलात का? (हलके घ्या.)

आधी कुर्ल्याच्या मॉलमधल्या बर्फघरात जाऊन बघा. थंडी झेपते का ते तरी कळेल, परत यायला लोकल आहे.

तलावपाळीकर

@पक्या, भाचरांना घेऊन जाऊन आले तिथे. ट्यूबवर बसून घसरायचं आणि पॉपकॉर्न खायचे. थंडी झेपली, गाणी नाही झेपली.

खारघरची_खार

मी २०२४ मध्ये औलीला गढवाल मंडल विकास निगमचा ७ दिवसांचा कोर्स केला. १४ दिवसांचाही असतो. तेव्हा मी २९ ची होते, त्यामुळे गुडघ्यांबद्दल माझं मत घेऊ नका.

पहिला अख्खा दिवस आम्ही घसरलोच नाही. स्की खांद्यावर टाकून चालणं, मग एकाच पायात स्की घालून चालणं, मग उतारावर आडवं उभं राहून एकेक पाऊल वर चढणं. दुपारपर्यंत मी रडकुंडीला आले होते. नंतर कळलं की पडल्यावर उठणं आणि पुन्हा वर जाणं हेच पहिले तीन दिवस करायचं असतं, घसरणं मधेमधे होतं. हवा उघडली की समोर नंदादेवी दिसते, तेवढ्यासाठी सगळं माफ.

जोशीमठहून औलीला जाणारा रोपवे २०२३ च्या जानेवारीत जमीन खचली तेव्हा बंद केला होता. आम्ही जीपने गेलो. ऋषिकेशहून जोशीमठ हाच पूर्ण दिवसाचा प्रवास आहे, तो तुमच्या नऊ दिवसांतून आधीच वजा करा. येताना एक, जाताना एक.

गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, मनालीला अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था आहे. दोन्हीकडचे कोर्स साधारण दोन आठवड्यांचे असतात, शिकवतात चांगलं, पण सकाळची हजेरी, पीटी, शिस्त सगळं आहे. वयाची अट अर्ज भरायच्या आधी वाचा. नऊ दिवसांच्या रजेत ते बसणार नाही असं वाटतं.

आणि तारखांवर विसंबू नका. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग चक्क पिवळं गवत होतं. २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत व्हायच्या होत्या, बर्फ नाही म्हणून मार्चमध्ये ढकलल्या. काश्मिरी लोकांचा चिल्ला-ए-कलान, म्हणजे कडक थंडीचे चाळीस दिवस, २१ डिसेंबरला सुरू होतो, पण थंडी म्हणजे बर्फ नव्हे. पैसे परत मिळतील असंच बुकिंग करा.

टूलरूम_काका

उशिरा येतोय धाग्यावर. वागळे इस्टेटमध्ये ३१ वर्षं टूलरूममध्ये काढली, आता निवृत्त, मुक्काम नेरूळ. स्कीइंग ५२ व्या वर्षी शिकलो, गुलमर्गला. त्यानंतर पाच हिवाळे गेलो. त्यातला एक हिवाळा घरी गुडघ्याला पट्टा बांधून काढला. त्याबद्दलच लिहितो, कारण तुम्ही गुडघ्याचं विचारलंय आणि उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

बूट स्कीला ज्या यंत्राने अडकतो त्याला बाइंडिंग म्हणतात. पुढे एक जबडा, मागे टाचेचा एक जबडा, दोन्हींच्या पोटात स्प्रिंग. पाय ठरावीक जोरापेक्षा जास्त पिळला गेला की स्प्रिंग हार मानते आणि बूट सुटतो. काम एवढंच. तो जोर किती, हे स्क्रूने ठरवतात आणि छोट्या खिडकीत आकडा दिसतो. आकडा काढायचा तक्ता असतो: वजन, उंची, बुटाच्या तळव्याची लांबी, तुम्ही किती जपून चालवता, आणि वय. पन्नाशी ओलांडली की तक्त्यात एक ओळ सैल बाजूला सरकायचं, हा नियम आहे. म्हणजे तुम्ही आणि मी, दोघं.

माझ्या हिशोबाने माझा आकडा साडेतीन-चारच्या घरात यायला हवा होता. तिसऱ्या हिवाळ्यात भाड्याच्या दुकानातल्या पोराने वजन विचारलं नाही, वय विचारलं नाही, बूट खट्टकन अडकवला आणि "चलो अंकल". मी खिडकीत बघितलं, साडेसात. आयुष्यभर टॉर्क बघून नट आवळणारा माणूस मी, आणि त्या दिवशी गप्प बसलो. का? मागे रांग होती. दोन पंजाबी मुलं घाई करत होती. लाजच वाटली म्हणा ना.

पडलो ते जोरात सुद्धा नाही. जवळजवळ थांबलो होतो. डावी स्की बर्फात रुतली, अंग वळलं, स्की काही सुटली नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूचा लिगामेंट ताणला. सहा आठवडे. नेरूळ स्टेशनचा पूल मी तेव्हा एक एक पायरी मोजून उतरायचो, आणि लोक मागून "काका, साइडला व्हा".

तेव्हा ताई, पहिलं काम: दुकानात आपलं खरं वजन सांगायचं, खरं वय सांगायचं, "बिगिनर" म्हणायचं आणि चारही खिडक्यांत बघायचं. दोन पुढच्या, दोन मागच्या. दोन्ही पायांचे आकडे वेगळे दिसले किंवा पोराला आकडा म्हणजे काय तेच माहीत नसेल, तर दुकान बदला. आणि आकडा बरोबर असला तरी गाफील राहू नका. बाइंडिंग मुख्यतः नळीचं हाड वाचवायला बनलंय. गुडघ्याच्या आतला क्रूशिएट लिगामेंट ते प्रत्येक वेळी वाचवू शकत नाही. तो बहुतेकदा मागे बसत पडताना आणि घसरत असतानाच उठायची धडपड करताना जातो. म्हणून तोल गेला की बाजूला आडवं व्हायचं, डोंगराच्या बाजूला. हात मागे टेकवायचा नाही. आणि पूर्ण थांबेपर्यंत उठायचं नाही. हे शेवटचं फार अवघड आहे, कारण आपल्याला पडल्याबरोबर उठून "काही नाही, काही नाही" म्हणायची सवय.

पोलचा (हातातल्या काठीचा) पट्टा मनगटात असतो, पडताना पोलची मूठ सोडून द्या. अंगठा वाचतो.

आता शिकण्याबद्दल. येऊरला पावसात शेवाळावरून उतरताना आपण काय करतो? मागे झुकतो. स्कीवर तेच केलं की खेळ संपला. वजन टाचेवर गेलं की स्कीची टोकं हलकी होतात, मग ती वळत नाहीत, तुम्हाला पाहिजे तिकडे सोडून सगळीकडे जातात. नडगी बुटाच्या जिभेवर दाबलेली पाहिजे, सतत. माझा शिक्षक फेरनात (लांब काश्मिरी झगा) कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) घेऊन उभा असायचा आणि ओरडायचा, "अंकल, पीछे कुर्सी नहीं है!" दोन दिवस रोज पन्नास वेळा ऐकलं.

गुडघ्यांचं म्हणाल तर लोकलमध्ये ठाणे यायच्या आधी दारापाशी कसे उभे राहता? पाय थोडे फाकवून, गुडघे सैल, ब्रेक लागला की शरीर आपोआप सावरतं. तसंच. ताठ उभा राहतो तो पडतो, गाडीत आणि बर्फातही.

वळायचं कसं: टोकं जवळ, मागची टोकं लांब, पिझ्झाच्या तुकड्यासारखं. मग उजवीकडे जायचंय तर डाव्या पायावर वजन. सगळ्यांना हे उलटं वाटतं. तिसऱ्या दिवशी पायाला कळतं, डोक्याला नाही कळलं तरी चालतं.

कोर्स की शिक्षक? नऊ दिवस, ५१ वय, एकच हौस: वळत वळत खाली यायचं. शिक्षक. गुलमर्ग. श्रीनगर विमानतळावरून साधारण ५०-५५ किलोमीटर, टंगमर्गनंतर बर्फ असेल तर चाकांना साखळी बांधलेली गाडी लागते. पहिला दिवस नुसतं फिरा, २,६५० मीटर उंची आहे. मग पाच दिवस रोज दोन-तीन तास शिक्षक, त्याहून जास्त पाय ऐकत नाहीत आपल्या वयात. एक दिवस राखीव ठेवा, हवेसाठी नाहीतर कंबरेसाठी. पाचही दिवस एकच माणूस घ्या. रोज नवा घेतला की रोज पहिल्यापासून.

सामान: काही घेऊ नका, मोजे आणि हातमोजे सोडून. मोजा एकच, पातळ, लोकरीचा, गुडघ्यापर्यंत. दोन जोड घातले की रक्त अडतं आणि पाय जास्त गार पडतात. सुती काही अंगाला लावू नका. बूट घालताना टाच मागे आपटा, बकलं हलक्या हाताने लावा. ताठ उभं राहिल्यावर अंगठा पुढे टेकला पाहिजे, गुडघे वाकवल्यावर सुटला पाहिजे. ढिला बूट आरामाचा वाटतो म्हणून सगळे मोठा घेतात आणि मग "स्की ऐकत नाही" म्हणतात. स्टिअरिंगला प्ले असेल तर गाडी तरी ऐकेल का?

चष्म्यावरून घालायचा गॉगल वेगळा मिळतो, तो मात्र इथूनच घेऊन जा. आणि सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांखाली लावा. हसू नका. ताजा बर्फ ऊन खालून परत फेकतो, पहिल्या वर्षी माझ्या हनुवटीखालचं कातडं सोलून निघालं होतं.

आपलं इथलं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, पोस्टपेड घ्या. यजमानांना रोज फोन लागेल.

ऐरोलीचा_स्नोबोर्डर

काकांना +१. एकच भर. गुलमर्गच्या गंडोलाचा (केबल कारचा) दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्या वर सोडतो, अफरवट डोंगरावर. फोटोसाठी जा, बसून परत या. स्की घेऊन वर जाऊ नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. तिथून खालचा बराचसा उतार मोकळा डोंगर आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत तिकडे हिमस्खलनात एक परदेशी स्कीअर गेला. आम्ही जातो तेव्हा बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं यंत्र, फावडं, बर्फात खुपसून बघायची काठी आणि वाटाड्या असतो, तरी पोटात गोळा असतो.

खाली शिकताना: तुमच्या पुढे, म्हणजे उताराच्या खाली जो आहे त्याचा हक्क आधी. वरून येणाऱ्याने सांभाळायचं. हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पण आपल्या पर्यटकांना, आणि स्लेज ओढणाऱ्यांना, तो पाठ नाही. तेव्हा निघण्याआधी वर बघा आणि उताराच्या मधोमध उभं राहून फोटो काढू नका.

तलावपाळीकर

काका, तुमचा प्रतिसाद यांना मोठ्याने वाचून दाखवला. साडेसातपर्यंत ऐकून म्हणाले, "बघ." मग लोकलच्या उदाहरणापाशी स्वतःच उठून हॉलमध्ये गुडघे सैल सोडून उभे राहिले. आता म्हणतात, मी पण येतो, पण नुसता बघायला. असं सोलंगलाही म्हणाले होते.

तयारीचं राहिलं. आमची इमारत सात मजली आहे. जिने चढू का?

आणि पायाचं माप घेतलं कागदावर. उजवा २४.२, डावा २३.८ सेंटीमीटर. कुठला बूट मागू?

टूलरूम_काका

चढायचं नाही, उतरायचं. वर लिफ्टने जा, खाली जिन्याने, सावकाश, पाऊल न आपटता. स्कीवर मांडी तेच काम करते, लांबत लांबत भार धरते. कटकट वाजली तरी चालेल, दुखलं तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. शिवाय भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं. तीस सेकंदांपासून सुरू करा. दात घासताना एका पायावर उभं राहा. रविवारी उपवनला चक्कर मारण्यापेक्षा मामा-भांजेच्या डोंगरावरून उतरलेलं बरं. आठ आठवडे पुरे.

बूट २४ मागा. २४ आणि २४.५ चं बाहेरचं कवच बहुधा एकच असतं, फरक आतल्या अस्तराचा, त्यामुळे उजवा पाय मावेल. दुकानदार तुमचा चपलेचा नंबर विचारून २५ पुढे करेल. घेऊ नका. हा कागद सोबत न्या.

यजमानांचंही माप घेऊन ठेवा.