शब्दचर्चा : 'कल' म्हणजे आवड की कुवत?

पाटीपेन्सिल :
करिअर मार्गदर्शन शिकवणाऱ्यांसाठी मराठीत टिपणं काढते आहे. कल, आवड, अभिरुची, अभिक्षमता हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरलेले दिसतात. चालतं का? आणि 'करिअर'ला 'कारकीर्द' म्हणावं का?

मोजपट्टी :
बोलण्यात चालतं, चाचणीच्या अहवालात नाही. घोळ 'कल' या शब्दाचा आहे. 'तिचा चित्रकलेकडे कल आहे' म्हटलं की तिला आवडतं हे कळतं, पण जमतही असणार असं ऐकणारा मनात धरून चालतो. मोजायच्या गोष्टी मात्र दोन आहेत. अभिरुची म्हणजे काय करावंसं वाटतं ते. त्याची प्रश्नावली असते. तिथे बरोबर-चूक उत्तर नसतं आणि सहसा वेळेचं बंधनही नसतं. अभिक्षमता म्हणजे शिकवलं तर एखादं काम किती चटकन उचलता येईल ते. तिच्या चाचणीत प्रश्नांना ठरलेली उत्तरं असतात आणि बहुधा घड्याळ लावलेलं असतं. म्हणून नुसती 'कल चाचणी' म्हणू नका, कशाची ते लिहा. नाहीतर आवडीची प्रश्नावली भरलेल्या मुलाच्या हाती कुवतीचा दाखला दिल्यासारखं होतं. (तिसरं भावंड 'अभिवृत्ती', म्हणजे एखाद्या गोष्टीकडे पाहण्याचा दृष्टिकोन. तिघींची नावं इतकी सारखी की परीक्षेत हमखास अदलाबदल होते.)

प्रश्न लिहितानाही हेच. 'यंत्र दुरुस्त करायला आवडेल का?' आणि 'यंत्र दुरुस्त करता येईल का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. 'यंत्रदुरुस्तीत गती आहे का?' असं विचारलंत तर निम्मी मुलं पहिल्याचं उत्तर देतील, निम्मी दुसऱ्याचं.

उंबरठा :
'कारकीर्द'बद्दल. हा शब्द मागे वळून पाहणारा आहे. राजाची कारकीर्द, खेळाडूची कारकीर्द; काही घडून गेल्यावरच तो शोभतो. पंधरा वर्षांच्या मुलीला 'तुझी कारकीर्द' म्हणणं कानाला खटकतं. 'करिअर' रुळलाय, तोच ठेवा.

त्याहून जास्त फसवतो 'व्यवसाय'. संशोधनाच्या अर्जावर 'पालकांचा व्यवसाय' विचारला की धंदा असलेले लिहितात आणि पगारदार नुसतं 'नोकरी' लिहून मोकळे होतात. शिक्षक, कारकून, वाहनचालक सगळे एका खणात. त्यापेक्षा 'पालक काय काम करतात? दोन ओळींत लिहा' असं विचारावं आणि वर्गवारी नंतर आपण करावी. वेळ जातो, पण माहिती वापरता येते.

पाटीपेन्सिल :
आभार. जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाने कामाच्या आवडीनुसार माणसांचे सहा प्रकार केलेत, त्यांची नावं वास्तववादी, शोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमशील, पारंपरिक अशी घेतली आहेत. ठीक?

मोजपट्टी :
शोधक आणि कलात्मक ठीक. 'उद्यमशील' चालेल, फक्त पुढाकार घेणं, लोकांचं मन वळवणं हेही त्यात येतं ते सांगा. 'वास्तववादी' मात्र सपशेल फसवा. मराठीत वास्तववादी म्हणजे स्वप्नं न पाहणारा माणूस. इथे अभिप्रेत आहे हातांनी, यंत्रांशी, अवजारांशी, मोकळ्यावर काम करणं. 'पारंपरिक' वाचून मुलं रूढी पाळणारा समजतात, प्रत्यक्षात नोंदी, हिशेब, ठरलेली पद्धत आवडणारा. 'सामाजिक' म्हणजे फक्त समाजसेवा नव्हे. शिकवणं, शुश्रूषा करणंही त्यात येतं. मी 'हस्तकुशल', 'व्यवस्थाप्रिय' आणि 'लोकाभिमुख' वापरेन. यातला 'हस्तकुशल'ही लंगडाच, कारण त्यात कुवतीचा वास येतो. 'कृतिप्रिय' कदाचित बरा.

प्रश्नावली भाषांतरित असेल तर दुसऱ्या माणसाकडून, मूळ न दाखवता, ती परत मूळ भाषेत करून घ्या आणि ताडून पाहा. मग आठ-दहा मुलांना एकेक प्रश्न वाचायला लावून 'यातून काय विचारलंय?' एवढंच विचारा. अडखळणारे शब्द तिथेच सापडतात.

उंबरठा :
'समुपदेशन' राहिलं. शब्दात 'उपदेश' आहे आणि कामात तोच टाळायचा, अशी गंमत. माहिती देणं, वाटा दाखवणं हे मार्गदर्शन. ते वर्गात चाळीस जणांनाही करता येतं. समुपदेशन बहुधा एकेकट्याशी, आणि निर्णय त्याचा त्याने घ्यायचा. सरावाच्या संभाषणाची पहिली दहा मिनिटं लिहून काढायला लावा आणि प्रश्न किती, 'तू असं कर' किती, ते मोजा.

मोजपट्टी :
अहवालात 'शततमक' (पर्सेंटाइल) येईल तिथे खुलासा हवाच. शततमक ७० म्हणजे ७० टक्के गुण नव्हेत; तुलनेच्या गटातले सुमारे ७० टक्के जण त्या गुणांच्या खाली आहेत. गट कोणता, तेही त्याच ओळीत लिहा.