लीड्सहून एका दिवसात गाड्यांचे नंबर टिपायला कुठे जावे? आणि ८० पौंडांत दुर्बीण?

चष्मिष
नमस्कार मंडळी. लेक अकरा वर्षांचा आहे, गाड्यांचे नंबर वहीत टिपायचं वेड आहे. लीड्स स्टेशनवर दिसणाऱ्या १९५ आणि ३३१ वर्गाच्या गाड्या त्याच्या बऱ्याचशा टिपून झाल्यात. आता एका शनिवारी त्याला उत्तरेकडच्या आडमार्गांपैकी एखाद्यावर न्यायचंय. मोटार नाही, सगळं ट्रेननेच. प्रश्न दोनच:
१. जागा कोणती?
२. दुर्बीण कोणती? ८० पौंडांच्या वर जाणार नाही. दोघांनाही चष्मा आहे, हे आयडीवरून कळलंच असेल.

पाचवा_फलाट
रिबलहेड. विषय संपला. २४ कमानींचा रेल्वे पूल, १०४ फूट उंची, मागे डोंगर. इंग्लंडात राहून मुलाला ही सेटल–कार्लाइल रेल्वे दाखवली नाही तर काय दाखवलं? दुर्बीण १०x४२ घ्या, तीनशेपर्यंत उत्तम येते. ही वस्तू एकदाच घ्यायची असते.

चष्मिष
८० हो, ८०.

कोंबडा_सिग्नल
रिबलहेड बघायला छान, नंबर टिपायला नाही. दोन्हींत फरक आहे. तिथे प्रवासी गाडी म्हणजे नॉर्दर्न कंपनीची १५८ वर्गाची, आणि दोन गाड्यांमध्ये कधी कधी दोन दोन तास जातात. पुलावर १९८५ पासून एकच रूळ आहे, त्यामुळे दोन गाड्या एकदम दिसण्याचाही प्रश्न नाही. दगडाच्या मालगाड्या हॉर्टनजवळच्या आर्कोच्या खाणीतून निघतात, पण त्या मुख्यतः सोमवार ते शुक्रवार. शनिवारी त्या धरून चालू नका. रविवार तर सोडूनच द्या.

घाटमाथा
१०x ला माझाही पाठिंबा. माझ्याकडे आहे, अजिबात हलत नाही.

भिंगवाला
हलते. तुम्ही कठड्याला टेकून बघत असाल.

चष्मिष, जरा सविस्तर लिहितो. दुर्बिणीवरच्या दोन आकड्यांत पहिला म्हणजे किती पट मोठं दिसणार, दुसरा म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा. ८x४२ ला सव्वापाच येतात, १०x२५ ला अडीच. डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत तेवढ्या मिलिमीटरचा असतो. ढगाळ दिवशी दुपारी चारला अडीचवाल्या दुर्बिणीतून काळपट चित्र दिसतं, नंबर असतो पण वाचता येत नाही. उत्तर इंग्लंडात ढगाळ दिवस किती हे मी सांगायला नको. आणि १० पटीत हाताचा कंपही दहापट होतो, त्यात अकरा वर्षांचा हात. म्हणून ८x४२. जड वाटली तर ८x३२, तिथे भागाकार ४ येतो, चालतं.

चष्मेवाल्यांनी खोक्यावर 'आय रिलीफ' बघायचा, म्हणजे काचेपासून डोळा किती लांब ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं ते अंतर. १६ मिमीच्या वर हवा. कमी असेल तर चष्म्यासकट कडा कापल्या जातात, मधला गोल तेवढा दिसतो. डोळ्यापाशी रबरी कप असतात, ते चष्मा असताना आत दाबून किंवा फिरवून खाली घ्यायचे. बरेच जण ते वरच ठेवतात आणि दुर्बीण वाईट म्हणतात.

८० मध्ये नवी मिळते. वापरलेली घेतलीत तर त्याच पैशात एक पायरी वरची. वापरलेली घेताना उलटी धरून आत उजेड पाडा. काचेवर जाळ्यासारखे डाग दिसले तर ती बुरशी, घेऊ नका. मग लांबच्या विजेच्या खांबाकडे बघा, दोन खांब दिसले तर आतले लोलक सरकलेत. तीही घेऊ नका.

पाचवा_फलाट
एवढं वाचेपर्यंत गाडी निघून जाईल. १०x४२.

लंबू_लँकेशायर
लीड्सहून मँचेस्टर व्हिक्टोरियाला बदलून अर्ल्सटाउनला जा. त्रिकोणी स्टेशन आहे, तिन्ही बाजूंना फलाट. १८३० च्या लिव्हरपूल–मँचेस्टर मार्गावर. जवळच स्टीफन्सनचा नऊ कमानींचा सँकी पूल, तोही त्याच काळातला आणि अजून वापरात.

अवांतर, पण आपल्या लोकांनी जायलाच हवं: व्हल्कन फाउंड्री इथेच होती, न्यूटन-ले-विलोजला. १८५३ च्या बोरीबंदर–ठाणे गाडीची इंजिनं तिथली. पुढे आपल्या घाटात मालगाड्या ओढणारी डब्ल्यूसीजी-१ विजेची इंजिनं, त्यातली पहिली दहा स्वित्झर्लंडची, बाकीची बहुतांश व्हल्कनची.

घाटमाथा
क्या बात है! कर्जतला हीच 'खेकडा' इंजिनं उभी असायची.

लंबू_लँकेशायर
खेकडा नाही हो, मगर. क्रोकोडाइल.

घाटमाथा
आमच्याकडे खेकडाच म्हणायचे.

कोंबडा_सिग्नल
कारखाना २००२ मध्ये बंद झाला, आता तिथे घरं आहेत. पोराला काय, बाल्कन्या दाखवायच्या? आणि त्रिकोणीच हवं तर शिप्ली आहे की! लीड्सहून पंधरा मिनिटं. तिथेही तिन्ही बाजूंना फलाट. स्किप्टन, ब्रॅडफर्ड, लीड्स तिन्हीकडच्या गाड्या येतात. ३३३ एकूण १६ च आहेत, ३३३००१ ते ३३३०१६. सकाळभर शिप्लीला बसलं तर त्यातल्या बऱ्याच पदरात पडतात. मधूनच एलएनईआर कंपनीची अझुमा ही लांब पल्ल्याची गाडी येते, कार्लाइल आणि मोरकॅमच्या १५८ येतात. दुपारी कीली. तिथे ३ आणि ४ नंबरचे फलाट कीली अँड वर्थ व्हॅलीचे, वाफेची गाडी. एका फेरीत पोट भरतं.

मीठभाकर
शिप्ली +१. आणि मुलाला पिवळं चमकणारं जॅकेट घाला, लांबूनही दिसतो.

पाचवा_फलाट
नका घालू. मुद्दाम ठासून सांगतोय. रूळ आणि मोठी स्टेशनं सांभाळणाऱ्या नेटवर्क रेलच्या नियमांत स्पष्ट आहे, रेल्वे कामगारांच्या सुरक्षाकपड्यांशी रंग जुळेल असं काही घालायचं नाही. चालकाला लांबून वाटतं रुळाजवळ कामगार आहे, तो भोंगा देतो, प्रसंगी ब्रेक लावतो. गडद निळं, तपकिरी काहीही चालेल. फ्लॅश मारायचा नाही. पिवळ्या रेषेच्या मागे. तिवई मोठ्या स्टेशनवर नकोच, आणि लहान स्टेशनवरही पाय रेषेच्या बरेच आत. सेल्फी स्टिक तारांखाली अजिबात नको, वर २५,००० व्होल्ट आहेत. स्टेशनवर कर्मचारी असतील तर आधी जाऊन सांगा, बहुतेक वेळा तेच पुढची गाडी कुठल्या फलाटावर येणार ते सांगतात.

मीठभाकर
बरं. प्रतिसाद काढून टाकता येत नाहीये.

डबेवाला_२
एक स्कॅनर घ्या, चालक आणि सिग्नलमनचं बोलणं ऐकू येतं. शंभर-सव्वाशेला मिळतो. दुर्बिणीपेक्षा जास्त मजा.

भिंगवाला
पूर्वी यायचं. आता रेल्वेचा रेडिओ जीएसएम-आर आहे, डिजिटल आणि कूटबद्ध. स्कॅनरवर खरखर सोडून काही येणार नाही. शिवाय आपल्यासाठी नसलेलं बोलणं ऐकणं इथे गुन्हा आहे. पैसे वाचवा.

कोंबडा_सिग्नल
स्कॅनरचं काम 'रिअलटाइम ट्रेन्स' हे संकेतस्थळ फुकटात करतं. साध्या पानावर फक्त प्रवासी गाड्या दिसतात. 'डिटेल्ड' निवडलं की मालगाड्या, रिकामे रेक, सुटी इंजिनं सगळं येतं. प्रत्येक गाडीला चार अक्षरी खूण असते, तिचा पहिला आकडा पाहायला मुलाला शिकवा:

१ जलद प्रवासी, २ साधी प्रवासी, ४ जलद कंटेनर गाडी, ६ ताशी ६० मैलांची मालगाडी, ५ रिकामा रेक, ० नुसतं इंजिन. ३ ने सुरू होणारी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये दिसली तर रुळांवरची पानं धुणारी गाडी असण्याची शक्यता खूप, दोन्ही टोकांना इंजिन. दुसऱ्या जागी झेड असेल तर खास गाडी, वाफेचं इंजिन बहुधा अशातच सापडतं.

आता मेख. मालगाडीपुढे क्यू लिहिलेलं असेल तर ती 'गरज पडली तर' धावणारी. निघाल्याची वेळ उमटेपर्यंत तिच्यासाठी फलाटावर थांबू नका. आणि मालगाडी उशिराच येते असं नाही, अर्धा-पाऊण तास आधीही येते. सँडविच खाताना पाठीमागून ६६ (मालगाडीचं डिझेल इंजिन) निघून जाते ती अशी.

पाचवा_फलाट
सेटल ते ब्ली मूर सलग १०० ला १ चा चढ आहे. त्या चढावर ६६ चा आवाज ऐकणं आणि शिप्लीत बाकावर बसणं, तुलना तरी होते का?

घाटमाथा
१०० ला १? हा चढ म्हणायचा? भोर घाट ३७ ला १ आहे.

पाचवा_फलाट
भोर घाटात बँकर, म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं लागतात. इथे एकटं इंजिन पंधरा-सोळा मैल न थांबता खेचत होतं. कोळसा टाकणाऱ्याला विचारा.

घाटमाथा
बँकर लागतात म्हणजेच चढ आहे ना.

चष्मिष
धागा घाटात अडकलाय. तिकिटाचं कुणी सांगेल का?

मीठभाकर
हे मला येतं. रेंजर म्हणजे एका दिवसाचं हवं तिथे चढा-उतरा तिकीट, रोव्हर म्हणजे अनेक दिवसांचं. आधी प्रत्येकाची हद्द आणि सकाळी कितीपासून चालतं ते बघा, बऱ्याच तिकिटांना सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊपर्यंत बंदी असते. शनिवारी सहसा नाही. एकाच जागी जाऊन परत यायचं असेल तर साधं परतीचंच स्वस्त पडतं, उगाच रेंजर घेऊ नका. ५ ते १५ वयाला अर्धं तिकीट. फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड असेल तर मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना ६० टक्के सूट. त्या कार्डावर प्रवासात निदान एक मूल सोबत हवंच, तुमच्याकडे आहेच. शुक्रवारी संध्याकाळी परत एकदा तपासा, रुळांची कामं निघाली की गाडीऐवजी बस येते. बसचा नंबर टिपून काय करणार!

भिंगवाला
मोबाइलनेही नंबर मिळतो, पण एक चूक सगळे करतात. गाडी समोरून आडवी जाताना फोटो काढतात. ताशी ६० मैल म्हणजे सेकंदाला सत्तावीस मीटर. शटर १/६० सेकंद असेल तर तेवढ्यात गाडी ४५ सेंटिमीटर पुढे, नंबराचा नुसता पट्टा दिसतो. १/१००० ला पावणेतीन सेंटिमीटर, वाचता येतो. ते जमत नसेल तर फलाटाच्या टोकाकडे उभे राहून गाडी तिरपी येताना घ्या, नंबर समोरच्या बाजूवरही असतो आणि फोटोत तो जवळजवळ सरकत नाही. उलटा त्रास १९५ आणि ३३१ वरच्या ठिकाणाच्या पाटीचा. ती एलईडीची, १/१००० ला अर्धी अक्षरं गायब होतात. पाटी हवी तर शटर १/१५० च्या आसपास आणि गाडी थांबलेली.

डबेवाला_२
मोबाइल नको, खरा कॅमेरा घ्या. वापरलेली बॉडी आणि ७०-३०० लेन्स, साडेतीनशेत काम होतं.

चष्मिष
😐

लंबू_लँकेशायर
वहीत बॉलपेन नको, पेन्सिल. ओल्या कागदावर बॉलपेन उमटत नाही. आणि दोन वह्या: एक फलाटावरची खरडवही, एक घरची पक्की. इंजिनाचा आकडा पाच अंकी, पहिले दोन म्हणजे वर्ग. रेकचा सहा अंकी, पहिले तीन वर्ग. पावसात धावपळीत तीनच अंक मिळाले तर शेवटचे तीन टिपायचे, वर्ग घरी येऊन ओळखता येतो. उलटं केलं की गेलं. अर्ल्सटाउन सुचवतोय अजून.

चष्मिष
सगळ्यांचे मनापासून आभार. निर्णय झालाय. जागा लेकाने निवडली: डेंट. इंग्लंडमधलं मुख्य मार्गावरचं सर्वांत उंच स्टेशन, ११५० फूट, एवढ्या एका वाक्यावर. शिप्ली "रोजचंच" म्हणाला. दुर्बीण या वेळी नाही. मोबाइल, पेन्सिल आणि रेलकार्ड.

कोंबडा_सिग्नल
डेंट?? सिग्नलसुद्धा नाही तिथे! जुने, दांडी वर-खाली होणारे सिग्नल बघायचे तर निदान एक स्टेशन पुढे गार्सडेल. दिवसभरात पाच-सहा नंबर मिळतील, सगळे १५८.

चष्मिष
चालेल म्हणतोय.

पाचवा_फलाट
मी रिबलहेड म्हणत होतो, डेंट त्याच्या पुढचंच. जाताना खिडकीत पूल येईलच, कार्लाइलकडे जाताना लगेच पुढे ब्ली मूर बोगदा, २४०० मीटर. म्हणजे माझंच ऐकलं.

मीठभाकर
ताई, डेंट स्टेशन आणि डेंट गाव यात चार मैल आहेत आणि रस्ता चांगलाच उताराचा, म्हणजे परतताना चढाचा. स्टेशनवर दुकान नाही. डबा, थर्मॉस, वाऱ्याचं जॅकेट (पिवळं सोडून!) घ्या. परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून न्या, डोंगरात मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका. शेवटच्या गाडीवर बेत आखू नका, तिच्या आधीची धरा.

घाटमाथा
तिथला चढ किती आहे?

पाचवा_फलाट
१०x४२ घेऊन जाल तर दिसेल.