मदत हवी आहे: कानाच्या स्वॅबमध्ये प्रोटियसखाली दडलेले स्ट्रेप्टोकोकाय वेगळे कसे काढायचे?

सांगलीतली छोटी लॅब. वॉर्डातल्या, बहुतेक जुनाट कान वाहणाऱ्या रुग्णांच्या पुवाचे स्वॅब येतात, थेंब सुरू करण्याआधी घेतलेले. स्यूडोमोनास या जिवाणूची अडचण नाही. हिरवट रंग, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, काम झालं. डोकेदुखी प्रोटियस मिराबिलिसची, म्हणजे प्लेटभर पसरत जाणाऱ्या जिवाणूची. ग्राम स्टेनमध्ये पू-पेशी, ग्राम निगेटिव्ह दंडाणू आणि साखळीतले ग्राम पॉझिटिव्ह गोलाणू (म्हणजे बहुधा स्ट्रेप्टोकोकाय) स्वच्छ दिसतात. दुसऱ्या दिवशी ब्लड अगारवर (रक्त घातलेलं वाढीचं माध्यम) मात्र काठापर्यंत नुसता प्रोटियस.

प्लेटा नीट वाळवून वापरतो. मॅकॉन्की माध्यमावर प्रोटियस पसरत नाही, पण साखळीवाले तिथे उगवत नाहीत. सीएलईडी आणि मॅनिटॉल सॉल्ट या माध्यमांवर स्टॅफ ऑरियस सुटा मिळतो, स्ट्रेप्टोकोकायचा पत्ता नाही.

आता दोन वाटा दिसतात. एक, ५ टक्के मेंढीच्या रक्ताच्या ब्लड अगारमध्ये अगारचं प्रमाण १.५ वरून ४ टक्के करायचं, म्हणजे प्रोटियस पसरणार नाही. दुसरी, कोलिस्टिन-नॅलिडिक्सिक अ‍ॅसिड ही अँटिबायोटिक्स घातलेलं ब्लड अगार. पण प्रोटियस कोलिस्टिनला मुळातच दाद देत नाही, म्हणजे सगळी भिस्त नॅलिडिक्सिक अ‍ॅसिड या क्विनोलोनवर, आणि वॉर्डातले प्रोटियस बऱ्याचदा क्विनोलोनलाही जुमानत नाहीत.

कार्बन डायऑक्साइड वाढवण्यासाठी मेणबत्तीचा जार आहे. जिवाणू ओळखणारं मॉल्डी-टॉफ किंवा स्वयंचलित यंत्र नाही. अँटिबायोटिकच्या डिस्क टेस्टसाठी शुद्ध वाढ हवीच.

४ टक्के अगार कोणी नियमित वापरतं का? त्यावर बीटा हीमोलिसिस (वसाहतीभोवती रक्तपेशी फुटून पडणारं स्वच्छ कडं) भरवशाने वाचता येतं का, आणि रक्त मिसळेपर्यंत अगार गोठू नये म्हणून किती तापमानाला ओतता?