कृतीदेव-श्रीलिपीतल्या जुन्या फायली युनिकोडमध्ये आणायच्या आहेत

निळी_शाई:
नमस्कार मंडळी. एका सार्वजनिक वाचनालयाच्या जुन्या स्मरणिकांचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल अशा प्रमाण पद्धतीत, आणायचा आहे. काही फायली वर्ड २००३ च्या आहेत, काही पेजमेकर ६.५ या पानमांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या, आणि दोन अंकांच्या तर फक्त पीडीएफ उरल्या आहेत. वर्डच्या फायली उघडल्या की इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. फॉन्टच्या खान्यात कुठे कृतीदेव, तर कुठे श्री-देव-०७१४ (श्रीलिपीचा फॉन्ट) असं नाव आहे. एकूण मजकूर तीनेकशे पानांचा, मध्ये मध्ये इंग्रजी नावं आणि देणगीदारांचे तक्ते. सगळं पुन्हा टाइप करून घ्यावं असं एक मत आहे. ते टाळता येईल का? कन्व्हर्टर (जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्राम) वापरायचा तर आधी आणि नंतर काय करावं लागतं?

कळफलक:
पुन्हा टाइप अजिबात करू नका. तीनशे पानांच्या टायपिंगमध्ये नव्या चुका इतक्या शिरतील की तपासणीचं काम दुप्पट होईल. मजकूर फाइलमध्ये शाबूत आहे, फक्त तो काय आहे हे समजून घेऊन बाहेर काढायचा आहे.

या फॉन्टमध्ये देवनागरीची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. कृतीदेवमध्ये 'मराठी' लिहिलं की फाइलमध्ये प्रत्यक्षात ई, जे, के, कॅपिटल बी, एच एवढंच साठतं. फॉन्ट काढला की तीच अक्षरं उघडी पडतात. फॉन्टचं नाव हरवलेली फाइल हाती आली, तर हाच शब्द शोधून पाहा. याच क्रमाने सापडला तर फाइल कृतीदेव घराण्यातली समजायची.

पहिलं काम फॉन्टची यादी. फॉन्ट मशीनवर नसला तरी वर्ड त्याचं नाव दाखवतं. लिब्रेऑफिसमध्ये नसलेल्या फॉन्टचं नाव तिरप्या अक्षरात येतं. प्रत्येक फॉन्ट कुटुंबाचा तक्ता वेगळा असतो, म्हणून कृतीदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपीला लावला तर कचराच मिळेल. आयएसएमच्या (सी-डॅकच्या टायपिंग सॉफ्टवेअरच्या) फायलीही निघाल्या, तर डीव्ही-टीटी आणि डीव्हीबी-टीटी ही दोन वेगळी कुटुंबं धरा.

दुसरं, मूळ फाइलला हात लावू नका. तिची प्रत काढा, जुना फॉन्ट तात्पुरता बसवा आणि त्या फॉन्टसह एक पीडीएफ करून ठेवा. मुद्रितशोधन याच पीडीएफशी ताडून करायचं आहे.

तिसरं, प्रत उघडण्याआधी वर्डचं ऑटोकरेक्ट पूर्ण बंद करा. वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल झालं की इथे अख्खं मराठी अक्षर बदलतं. सरळ अवतरणचिन्हं वळणदार झाली तरी तेच होतं, कारण त्या जागांवरही देवनागरीचे तुकडे बसलेले असतात.

चौथं, इंग्रजी मजकूर वेगळा काढा. वर्डच्या शोधा-बदला खिडकीत फॉन्टनुसार शोधता येतं. टाइम्स न्यू रोमन किंवा जो असेल तो निवडा आणि सापडलेल्या सगळ्या मजकुराला पिवळा हायलाइट द्या. पिवळं सोडून बाकीचं कन्व्हर्टरमध्ये टाका. मजकुराभोवती कंसाच्या खुणा करण्याच्या फंदात पडू नका. कृतीदेवमध्ये चौकटी कंसाच्या जागेवर अर्धा ख आणि स्वल्पविराम आहेत, त्यामुळे खुणांचंही रूपांतर होऊन बसतं.

पाचवं, मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये साठवाल तेव्हा एन्कोडिंग यूटीएफ-८ च ठेवा. जुन्या एएनएसआय पद्धतीची फाइल यूटीएफ-८ समजून उघडली आणि तशीच सेव्ह केली, तर १२७ च्या पुढच्या क्रमांकांची अक्षरं प्रश्नचिन्हाच्या चौकोनात बदलतात आणि ती परत मिळत नाहीत. जोडाक्षरांचे बरेच तुकडे नेमके त्याच भागात असतात. १६० आणि १७३ या दोन क्रमांकांवर विशेष नजर ठेवा. पहिला न तुटणाऱ्या स्पेसचा, दुसरा अदृश्य हायफनचा. एखाद्या फॉन्टने तिथे अक्षर बसवलेलं असेल तर ब्राउझरमधून कॉपी करताना ते गुपचूप गळतं. एकच अक्षर सगळीकडे गायब दिसलं की संशय इथे घ्या.

आणखी एक अडचण येऊ शकते. काही फॉन्ट चिन्हांचे फॉन्ट म्हणून बनवलेले असतात. त्यांतला मजकूर वर्डमधून कॉपी केला की कन्व्हर्टरमध्ये नुसते चौकोन दिसतात, कारण प्रत्येक अक्षराचा क्रमांक ६१४४० ने वाढलेला असतो. छोट्या स्क्रिप्टने (लहानशा प्रोग्रामने) तेवढी वजाबाकी केली की मजकूर ताळ्यावर येतो.

पानमांडणी:
पेजमेकरबद्दल. पेजमेकर चालणारं जुनं मशीन मिळालं तर उत्तम, तिथून प्रत्येक स्टोरी (एकमेकींना जोडलेल्या चौकटींतला सलग मजकूर) एक्स्पोर्ट करा. नाही मिळालं तर इनडिझाइन सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या ६.० पासून पुढच्या पेजमेकर फायली उघडतात. त्यानंतरच्या सीसी आवृत्त्यांनी ती सोय काढून टाकली. फुकटचा मार्ग म्हणजे लिब्रेऑफिस ड्रॉ. मांडणी विस्कटते, पण तुम्हाला हवा आहे तो मजकूर. फक्त प्रत्येक चौकट वेगळी येते, तेव्हा लेखांचा क्रम छापील अंक समोर ठेवून लावा. पान ४ वरून पान ३१ वर गेलेला लेख हमखास तुटतो.

पीडीएफमध्ये आधी प्रॉपर्टीज उघडून फॉन्टची यादी पाहा. मग एक ओळ कॉपी करून ती वर्डच्या फाइलमध्ये दिसते तशीच इंग्रजी रांग येते का ते बघा. येत असेल तर कन्व्हर्टर चालेल. असंबद्ध चिन्हं किंवा रिकामे चौकोन आले, तर पीडीएफ करताना फॉन्टची अंतर्गत क्रमवारी बदललेली आहे, तिथे झटापट करू नका. पानांच्या ३०० डीपीआयच्या प्रतिमा काढा आणि टेसरॅक्ट या मोफत प्रोग्रामला मराठीचा डेटा जोडून ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून घ्या. भ-म, घ-ध, थ-य, ब-व या जोड्यांमध्ये गोंधळ होतोच. आकडे तर ओसीआरवर कधीच सोडू नयेत, देणगीचे तक्ते हातानेच भरा.

निळी_शाई:
कृतीदेवची एक फाइल करून पाहिली. बहुतेक मजकूर नीट आला. पण 'परिस्थिती'चं 'परिसि्थती' झालंय, 'सर्वांना' हा शब्द 'सवा±ना' असा येतो, आणि 'होते' डोळ्यांना दिसत असूनही शोधा दाबलं की काही ठिकाणी सापडत नाही. 'दुसऱ्या'चा ऱ्याही बिघडलाय. हे एकेक करून दुरुस्त करायचं की काही युक्ती आहे?

अर्धा_र:
या चुका ठरलेल्या आहेत, म्हणून एकदम दुरुस्त होतात. रूपांतरित मजकूर नोटपॅड प्लस प्लसमध्ये घ्या, कंट्रोल-एच दाबा. क्रम पाळा.

आधी जोडून आलेल्या मात्रा. 'होते' सापडत नाही, कारण तिथे ओकार हे एक अक्षर नसून काना आणि मात्रा अशी दोन अक्षरं आहेत. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. साध्या शोधाने ाे चा ो, ाै चा ौ, ाॅ चा ॉ, अा चा आ, अो चा ओ करा. अॅ (अ आणि अर्धचंद्र अशी दोन अक्षरं) आणि ॲ (एकच अक्षर) यांतला एकच ठेवा. दुसरा २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये आला, आणि युनिकोड दोघांना समान मानत नाही, त्यामुळे एक शोधला तर दुसरा मिळत नाही.

मग वेलांटी. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये पूर्ण जोडाक्षरानंतर साठते. कच्चा कन्व्हर्टर तिला एकच अक्षर ओलांडून थांबवतो. वेलांटीला लागून हलन्त चिन्ह शुद्ध मराठीत कधीच येत नाही, म्हणून ही चूक बिनधास्त शोधता येते. शोधाच्या खिडकीत रेग्युलर एक्स्प्रेशन (नमुन्यानुसार शोधण्याचा पर्याय) चालू करून,

शोधा: ([क-ह])ि्([क-ह])
बदला: $1्$2ि

डॉलरच्या पुढचे आकडे इंग्रजीच हवेत. एकही बदल होत नाही असं दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा चालवा, कारण 'स्त्रि'सारख्या तीन अक्षरी जोडाक्षरात वेलांटी एका फेरीत एकच पायरी सरकते.

मग ±. ते रफार आणि अनुस्वार एकत्र असलेलं चिन्ह आहे. रफार जुन्या फॉन्टमध्ये शेवटी येतो, युनिकोडमध्ये जोडाक्षराच्या सुरुवातीला र् म्हणून साठतो.

शोधा: ((?:[क-ह]्)*[क-ह][ा-ौ]?)±
बदला: र्$1ं

यात 'कत्या±ना'चंही 'कर्त्यांना' होतं. कंसातला पहिला भाग गाळला तर रफार य वर जाऊन बसेल, तो गाळू नका.

ऱ्या मात्र सरसकट बदलू नका. सगळे र्य बदलले तर 'कार्य', 'सूर्य', 'पर्याय' बिघडतील. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' किंवा 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत योग्य कोणता, हे वाक्य वाचूनच ठरतं. र्य आणि र्ह असलेल्या शब्दांची यादी काढा, 'दुसर्या', 'वार्या', 'येणार्या', 'करणार्या' असे निःसंशय शब्द एकेक करून बदला आणि उरलेले डोळ्यांनी पाहा. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ऱ्य साठी शिफ्ट-जे, डी आणि स्लॅश. काही कन्व्हर्टर ऱ ऐवजी साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. दिसायला फरक नाही, शोधताना आहे. तो तुकडा मजकुरातूनच कॉपी करून शोधाच्या खान्यात चिकटवा आणि जागी ऱ् टाका.

कळफलक:
वरच्या दुरुस्त्या झाल्यावर मजकूर लिब्रेऑफिसमध्ये घ्या. पर्यायांमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून भाषा मराठी ठेवा. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे, तिथे ल आणि श मराठी वळणाचे येतात. छपाईसाठी आयआयटी मुंबईचा शोभिका किंवा तिरो देवनागरी मराठी चांगले, पडद्यासाठी मुक्ता. तिन्ही मोफत आहेत. फॉन्टचा आकार बदलूनही मराठी मजकूर जागचा हलत नसेल, तर स्टाइलमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा आकार वेगळा असतो, तो बदला.

श्री-देवच्या फायली कृतीदेवच्या मागून घ्या, आणि आधी दोनच पानं करून पाहा. त्यांत उरणारी चिन्हं ± नसतील, वेगळीच असतील. प्रत्येक अनोळखी चिन्ह पीडीएफशी ताडून त्याचा छोटा तक्ता बनवा, मग उरलेल्या सगळ्या फायलींना तोच तक्ता लागू पडेल.