प्रतिसाद: फवारणीचा ड्रोन अन् नागास्त्र
भाऊ, 'फवारणीचा ड्रोन आणि लष्कराचा ड्रोन, फरक फक्त किमतीचा' असं वर लिहिलंत. अर्धंच पटलं.

मागच्या हंगामात आमच्या वावरात पऱ्हाटीवर ड्रोननं फवारणी केली. १० लिटरची टाकी, दहा-बारा मिनिटांत बॅटरी खलास. काढलेली बॅटरी इतकी तापलेली, की पोरगा ती निंबाच्या सावलीत ठेवून वाट पाहायचा. थंड झाल्याशिवाय चार्जर घ्यायचाच नाही. वर जनरेटरची धडधड.

आपल्या नागपूरलाच बनणारं नागास्त्र-१ बघा, लक्ष्यावर जाऊन स्वतःच फुटणारा लष्करी ड्रोन. तेही बॅटरीवरच, पण एक किलो स्फोटक घेऊन अर्धा तास हवेत राहतं. लक्ष्य नाही सापडलं तर पॅराशूटनं परत उतरतं, हे मला सगळ्यात भारी वाटलं. ४८० ची ऑर्डर होती, जून २०२४ मध्ये पहिले १२० लष्कराला मिळाले.

खरा फरक सिग्नलचा. वावरात कोण जॅमिंग करतं, म्हणजे सिग्नल अडवतं बाप्पा! युद्धात जीपीएस आणि रेडिओ दोन्ही जॅम होतात. म्हणून युक्रेनमध्ये दोन्ही बाजू मागं बारीक ऑप्टिकल फायबर (सिग्नल नेणारी काचेची तार) सोडत जाणारे ड्रोन वापरतात, मांजावरच्या पतंगासारखे. रेडिओच नाही, तर जॅम काय करणार?

चिनी सुट्या भागांवर विसंबू नये, हे मात्र तुमचं बरोबर. फवारणीवाल्याची मोटर यायला वीस दिवस लागले, तोवर बोंडअळीनं आपलं काम उरकलं. लष्कराच्याही ४०० ड्रोनचे करार २०२५ च्या सुरुवातीला त्यातल्या चिनी भागांमुळेच रद्द झाले.