मदत हवी आहे: ऊसतोड टोळ्यांतल्या मुलांची शाळा आणि अंगणवाडी

रानपाखरू:
सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या तळावर साधारण पन्नास कोप्या (ऊसतोड मजुरांच्या झोपड्या) पडल्या आहेत. बहुतेक कुटुंबं बीड-जालन्याकडची. आमचा पाच-सहा जणांचा गट आहे. शाळेच्या वयाच्या मुलांना जवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसवायचं आहे, पण तिथे दाखला मागतात. काही लहान मुलं फारच हडकुळी दिसतात. मजुरांची टोळी आणणारा मुकादम कोपीपर्यंत जाऊ देत नाही. सुरुवात कुठून करावी?

आडवाट:
ताई, शाळेआधी धाकट्यांचं बघा. आईबाप पहाटे तीन-चारला फडावर, म्हणजे तोडीच्या शेतात जातात. कोपीत उरते नऊ-दहा वर्षांची मुलगी आणि तिच्या कडेवर दीड वर्षाचं भावंड. त्याला धरायला कुणी नसेल तर ती आठवडाभर शाळेत येईल, मग दिसणार नाही. दप्तरं वाटून हे सुटत नाही.

अंगणवाडीत बसायला मूल तीन वर्षांचं लागतं. त्याखालच्यांना घरी नेण्याचा आहार मिळतो, सांभाळ नाही. म्हणून तळावरच पाळणाघर हवं. वयामुळे तोडीला न जाणारी किंवा बाळंतीण बाई टोळीत असतेच, तिला रोजाने ठेवा. आठ-दहा लहानग्यांमागे एक बाई, त्याहून जास्त मुलं देऊ नका. जागा ट्रॅक्टर-बैलगाडीच्या वाटेपासून लांब, पाणी झाकलेलं, कोयते आत नकोत. आणि शाळा भरायच्या आधी उघडलं पाहिजे, नाहीतर त्या मोठ्या बहिणीची शाळा बुडालीच.

मुकादमाने मजुरांना उचल (आगाऊ रक्कम) दिलेली असते. चौकशी झाली की मजूर निघून जातील ही त्याची भीती. पहिल्या फेरीला एकट्या जाऊ नका, अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना बरोबर घ्या. टोळ्यांची यादी कारखान्याच्या शेतकी विभागात मिळते. चिटबॉयशी (तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस) ओळख ठेवा: कोणती टोळी उद्या कुठल्या फडाला हलणार हे त्यालाच आधी कळतं.

खडूफळा:
दाखल्याचं सोपं आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009: कलम 4 प्रमाणे वयानुरूप वर्गात बसवायचं, कलम 5 प्रमाणे दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, कलम 14 प्रमाणे वयाच्या पुराव्यावाचूनही नाही. तोंडी वाद न घालता मुलांच्या यादीसह लेखी अर्ज द्या, पोच घ्या, एक प्रत केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी).

पण गावच्या शाळेतून नाव काढून आणायला लावू नका. मूल एप्रिलच्या आसपास परत जाणार, तेव्हा त्याचं नाव तिथल्या पटावर हवं. मूळ शाळेकडून शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून देतात ते) मागवा. गावच्या मुख्याध्यापकांनी फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवलं तरी काम सुरू होतं. परतताना इथली हजेरी आणि कुठवर शिकवलं ते एका कागदावर लिहून पालकांच्या हातात द्या.

रानपाखरू:
हडकुळ्या मुलांचं?

दंडघेर:
आशाताईंकडे दंड मोजायची पट्टी असते. वय 6 महिने ते 5 वर्षं, डावा हात. कोपर वाकवून खांद्याचं टोक आणि कोपर यांचा मध्य काढा, मग हात सैल सोडून मोजा. पट्टी कातडीला टेकावी, रुतू नये. आवळली की आकडा कमी येतो आणि धडधाकट मूलही कुपोषितात जातं. 11.5 सेंमीच्या खाली तीव्र कुपोषण, 11.5 ते 12.5 मध्यम. शिवाय दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबा. दोन्हीकडे खळगा राहिला तर पट्टी काहीही दाखवो, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. तीव्र कुपोषित मुलाला ताप, जुलाब असतील किंवा ते खातच नसेल तरीही तेच.

पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायचं ठरलं की आई नको म्हणते. मुलाजवळ तिला राहावं लागतं, एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, ती मोडली की मुकादम खाडा (गैरहजेरीचे पैसे) कापतो. तिथे आईला बुडालेल्या मजुरीपोटी भत्ता मिळतो, हे आधीच सांगा, आणि खाड्याचं बोलणं शेतकी अधिकाऱ्यांसमोर करून घ्या.

लसीकरणाचं कार्ड बहुधा गावी राहिलेलं असतं. घरच्यांकडून फोटो मागवा, नाहीतर गावच्या आशाताईंना फोन लावून नोंद विचारा. अंगणवाडीची नोंद पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर स्थलांतरित म्हणून इकडे वळवता येते. ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर जातो आणि तो फोन बापाबरोबर फडावर असतो, म्हणून सेविकेला संध्याकाळी वजनकाट्यासह तळावरच बोलवा.