शब्दचर्चा : काइजूच्या ‘आर्टिक्युलेटेड’ फिगरला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

गॉड्झिला, गामेरा, किंग गिदोरा अशा काइजूंच्या, म्हणजे जपानी चित्रपटांतल्या अवाढव्य प्राण्यांच्या, फिगर्स (छोट्या प्रतिकृती) मी जमवतो. बांदाई या जपानी खेळणी कंपनीची एस.एच.मॉन्स्टरआर्ट्स ही फिगर्सची मालिका 2010मध्ये सुरू झाली, माझ्याकडे तिच्यातल्याच जास्त आहेत. त्यांच्याविषयी मराठीत लिहायला घेतलं की पहिल्याच ओळीत अडतो. ‘आर्टिक्युलेटेड’ला, म्हणजे हातपाय हवे तसे वळवता येणारी या अर्थी, शब्द काय? एका मित्राने ‘कळसूत्री’ सुचवला. पण कळसूत्री बाहुलीला दोरी लागते, ती ओढणारा लागतो, आणि दोरी सोडली की बाहुली कोसळते. ही फिगर वळवाल तशी वळते आणि सोडाल तिथे थांबते. ते थांबणंच शब्दात यायला हवं.

उत्तर

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात शब्द तयार आहेत की! खांद्याला उखळीचा सांधा, गुडघ्याला बिजागरीचा सांधा. या फिगर्समध्ये अगदी हेच दोन प्रकार असतात, म्हणून ‘सांधेदार फिगर’ म्हणा. बाकीचे शब्दही घरचेच मिळतील. सांधा सैल पडला तर खिळखिळा झाला, हलेना तर आखडला. आणि ‘पोझ’साठी ‘पवित्रा’ घ्या. पवित्र्यात पुढच्या हालचालीची तयारी दिसते, नुसतं उभं राहणं नाही.

आखडलेल्या सांध्यावर जोर करू नका, हे जाता जाता सांगतो. माझ्या एका फिगरच्या घोट्यावर आधी केसासारखी पांढरी रेघ उमटली, तरीही मी पिळला आणि पाय हातात आला. तेव्हापासून आधी हेअर ड्रायरची ऊब देतो, प्लास्टिक नरम पडतं, मगच वळवतो.

उत्तर

‘कळसूत्री’ फिगरला लागू नाही, पण 1964च्या चित्रपटातल्या किंग गिदोराला तंतोतंत लागू आहे. पोशाखाच्या आत माणूस होता, पण तिन्ही माना, पंख आणि शेपट्या वरून तारांनी हलवल्या जायच्या. याउलट 1954च्या पहिल्या गॉड्झिलाच्या पोशाखात अभिनेते नाकाजिमा हारुओ होते, त्यामुळे त्याचा गुडघा म्हणजे माणसाचाच गुडघा. चांगला मूर्तिकार हे विसरत नाही.

‘मॉन्स्टर’साठी ‘राक्षस’ मात्र कृपा करून नको. राक्षसाला कूळ असतं, तो बोलतो, तप करतो, वर मागतो. ‘काइजू’मधला ‘काइ’ म्हणजे विचित्र आणि ‘जू’ म्हणजे श्वापद. गॉड्झिला हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी उठलेलं श्वापदच आहे. अर्थ सांगायचा तर ‘महाकाय श्वापद’ म्हणा, नाहीतर सरळ काइजू. पुल्लिंगी चालवा, लाडूसारखा : एक काइजू, चार काइजू. फक्त ‘लाडवाला’ होतं तसं ‘काइजवाला’ करू नका, ‘काइजूला’च बरं. ‘अजस्र’ लिहिणार असाल तर ‘अजस्त्र’ नको. संस्कृतात त्याचा अर्थ ‘अखंड, सतत’ असा आहे, ‘प्रचंड’ हा अर्थ मराठीतला.

मूळ प्रश्नकर्ता

सांधेदार आवडला, उचलतो. पण शेपटीचं काय? गॉड्झिलाची शेपूट एकामागून एक तुकडे जोडून केलेली असते. प्रत्येक तुकडा थोडासाच वळतो, पण सगळे मिळून सुरेख वळसा घेतात. गिदोराच्या मानांचंही तेच. तिथे सांधा म्हटलं तर कोपर-गुडघाच डोळ्यांपुढे येतो.

उत्तर

पेर! बोटाची पेरं असतात तशी शेपटीची पेरं.

उत्तर

आमच्या ऊसपट्ट्यात जरा वेगळं आहे. गाठ असते ते पेर, आणि दोन पेरांमधला सरळ भाग म्हणजे कांडं. डोळा पेरापाशी असतो, कोंब तिथूनच फुटतो. बोटावर जप मोजताना आपण तुकड्यालाच पेर म्हणतो हे खरं, पण शेपटीसाठी उसाची वाटणी जास्त उपयोगी आहे. वळतं ते पेर, ताठ राहतं ते कांडं. दोघांना दोन शब्द मिळतात.

उत्तर

मी जपानी शिकतो. वरचं वाचून खुर्चीत सरळ बसलो. तिकडचे संग्राहक अशा फिगरला ‘कादो’ म्हणतात, म्हणजे हलवता येणारी. सांध्याला शब्द आहे ‘कान्सेत्सु’. त्यातल्या ‘सेत्सु’ या अक्षराचा मूळ अर्थ बांबूची गाठ, आणि अक्षराच्या डोक्यावर बांबूचीच खूण काढतात. संस्कृत ‘पर्वन्’ म्हणजेही वेळूची गाठ, महाभारताची पर्वं तीच. म्हणजे ऊसवाल्यांचं पेर जपानी शब्दाच्या थेट पोटात बसलेलं आहे.

मूळ प्रश्नकर्ता

मग पहिली ओळ अशी लिहितो : ‘माझा गॉड्झिला वीतभरही उंच नाही. खांदे उखळीचे, गुडघे बिजागरीचे आणि शेपूट पेरापेराने वळणारी. काल रात्री लावलेल्या पवित्र्यात तो आज सकाळीही तसाच उभा होता.’